लेखनाचे वर्ग आणि प्रौढ नवशिके : उज्जयिनीच्या काव्यपरीक्षेपासून आजपर्यंत

सर्जनशील लेखनाचा वर्ग म्हणजे कथा, कविता, ललित गद्य किंवा नाट्यसंहिता लिहू पाहणाऱ्यांना ठरावीक काळ एकत्र बसवून लिहायला लावणारी, लिहिलेले चारचौघांत वाचून घेणारी आणि ते दुरुस्त करायला शिकवणारी व्यवस्था. तिचे विद्यार्थी पूर्वी बहुतेक महाविद्यालयातले असत. आता त्यांत नोकरदार, गृहिणी, निवृत्त शिक्षक, बँकेतले अधिकारी, डॉक्टर असे लोक मोठ्या प्रमाणात दिसतात. शाळेतल्या निबंधानंतर त्यांनी अर्ज, अहवाल आणि पत्रे यांपलीकडे फारसे काही लिहिलेले नसते. अशा वर्गांबद्दल दोन शंका नेहमी घेतल्या जातात. लिहिणे शिकवता येते का, ही पहिली. आणि येत असले तरी चाळिशी-पन्नाशीत सुरुवात करून काय साधणार, ही दुसरी. दोन्ही शंका फार जुन्या आहेत, आणि त्यांची सर्वांत जुनी तपशीलवार चर्चा ज्या ग्रंथात सापडते त्यात उज्जैनचे नाव येते.

राजशेखराची ‘काव्यमीमांसा’ हा तो ग्रंथ. राजशेखर इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या अखेरीस आणि दहाव्याच्या आरंभी कनौजच्या प्रतिहारांच्या दरबारी होता. त्याचे घराणे यायावर. अकालजलद या आपल्या पूर्वजाचा उल्लेख तो ‘महाराष्ट्रचूडामणी’ असा करतो. ग्रंथाची अठरा अधिकरणे योजलेली होती. त्यांतले ‘कविरहस्य’ हे पहिलेच आज उपलब्ध आहे. १९१६ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ म्हणून ते छापले गेले. राजाने महानगरांत काव्य आणि शास्त्र यांच्या परीक्षेसाठी सभा भरवाव्यात, उत्तीर्ण होणाऱ्यांना ब्रह्मरथात बसवावे आणि पट्ट बांधावा, असे राजशेखर सांगतो. पुढे ऐकीव माहिती म्हणून त्याने नोंदवले आहे की उज्जयिनीत काव्यकारांची परीक्षा होत असे आणि पाटलिपुत्रात शास्त्रकारांची. उज्जयिनीत परीक्षा दिलेल्यांच्या यादीत कालिदास, मेंठ, अमर, भारवी अशी नावे आहेत. ती सगळी एका काळातली नाहीत, तेव्हा ही यादी इतिहास म्हणून घेता येत नाही. पण ज्या समाजाला कवीची परीक्षा घेता येते असे वाटते, त्याला कवीचे शिक्षणही शक्य वाटत असणार, एवढे त्यातून नक्की कळते.

हे शिक्षण कसे असावे हेही राजशेखराने सांगितले आहे आणि आजच्या प्रौढ विद्यार्थ्याला ते अनपेक्षितपणे जवळचे वाटावे असे आहे. त्याच्या मते प्रतिभा तीन प्रकारची. एक जन्मजात, दुसरी या जन्मीच्या अभ्यासाने मिळवलेली, तिसरी उपदेशाने आलेली. तिघांची प्रतवारी तो लावतो, पण शेवटच्या दोघांना दारातून परत पाठवत नाही. कवीच्या दहा अवस्थाही तो मोजतो, आणि त्यांतल्या पहिल्या पाच म्हणजे कोणत्याही लेखनवर्गाची हजेरीच आहे. काव्यविद्या शिकायला गुरूकडे येणारा तो काव्यविद्यास्नातक. मनातल्या मनात रचणारा आणि कोणाला न दाखवणारा हृदयकवी. सदोष ठरेल या भीतीने स्वतःची रचना दुसऱ्याच्या नावावर वाचून दाखवणारा अन्यापदेशी. जुन्यांपैकी एकाची छाया धरून लिहिणारा सेविता. सुटे तुकडे चांगले लिहिणारा, पण सलग प्रबंध न जमणारा घटमान. महाकवी त्यानंतर येतो. प्रौढपणी लिहू लागणारे बहुसंख्य लोक हृदयकवी असतात. वहीत किंवा मोबाइलमध्ये वर्षानुवर्षे नोंदी असतात आणि घरातल्या माणसांनाही त्यांचा पत्ता नसतो. वर्ग त्यांना पहिली मदत करतो ती दुसऱ्या अवस्थेतून बाहेर काढण्याची.

वेळेचा प्रश्न राजशेखराने सोडलेला नाही. कोणत्या वेळी लिहितो यावरूनही त्याने कवींचे वर्ग केले आहेत. त्यांत ‘दत्तावसर’ नावाचा एक आहे: सेवाचाकरी सांभाळून उरलेल्या वेळात लिहिणारा. त्याच्यासाठी तो सोयीच्या वेळाही सुचवतो. रात्रीच्या शेवटच्या प्रहरातला सारस्वत मुहूर्त, जेवणानंतरचा निवांतपणा आणि वाहनातला प्रवास. प्रवासात दुसरे काही करता येत नसल्याने मन एकाग्र होते, असे त्याचे कारण. उज्जैनहून इंदूरला रोज नोकरीसाठी जाणाऱ्याच्या वाट्याला सुमारे ५५ किलोमीटरचा असा प्रवास दोनदा येतो. ज्याला पूर्ण वेळ आहे त्याच्या दिवसाची आखणी वेगळी: पहिल्या प्रहरी शास्त्रांचा अभ्यास, दुसऱ्या प्रहरी रचना, तिसऱ्या प्रहरी जाणत्यांबरोबर काव्यगोष्ठी, आणि चौथ्या प्रहरी सकाळी लिहिलेल्याची एकट्याने किंवा मोजक्या लोकांत तपासणी. लेखन, चर्चा आणि पुनर्लेखन यांना वेगवेगळी वेळ द्यावी, हे तत्त्व आजच्या कार्यशाळांनीही जवळपास असेच ठेवले आहे. कवित्वाच्या ज्या आठ माता तो सांगतो त्यांत प्रतिभा आणि अभ्यास यांच्या बरोबरीने आरोग्य, जाणत्यांशी संवाद, पक्की स्मृती आणि खचून न जाणे यांनाही जागा आहे. स्त्रियाही पुरुषांप्रमाणेच कवी होऊ शकतात, कारण संस्कार आत्म्यावर होतो, असे तो बजावतो आणि आपली पत्नी अवंतिसुंदरी हिची मते नावानिशी नोंदवतो.

राजशेखर एकटा नव्हता. दंडीने ‘काव्यादर्शा’त नैसर्गिक प्रतिभा, निर्मळ विद्या आणि न थकता केलेला अभ्यास ही काव्याची कारणे मानली, पण प्रतिभा नसली तरी श्रमाने वाणी थोडी तरी कृपा करते, आणि कवित्व तोकडे राहिले तरी अशा माणसाला रसिकांच्या गोष्ठीत वावरता येते, असा दिलासाही दिला. अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या क्षेमेंद्राचे ‘कविकंठाभरण’ तर जवळजवळ पाठ्यपुस्तक आहे. थोड्या प्रयत्नाने साधणारा, कष्टाने साधणारा आणि मुळीच न साधणारा असे शिष्यांचे प्रकार तो करतो. न साधणाऱ्यांत त्याने व्याकरणाने आणि तर्काने कोरड्या पडलेल्यांना बसवले आहे. विनोद सोडला तर ही प्रौढ नवशिक्याची खरी अडचण आहे. तीस वर्षे कार्यालयीन टिपणी लिहिलेल्या माणसाची वाक्ये बिनचूक असतात, पण त्यांतून माणूस नाहीसा झालेला असतो. क्षेमेंद्राचे स्वाध्याय आजही वर्गात वापरता येतील असे आहेत: आधी अर्थाची चिंता न करता नुसत्या शब्दांनी वृत्त भरणे, मग दुसऱ्याच्या श्लोकातले शब्द बदलून पाहणे, समस्यापूर्ती करणे, नाटके पाहणे, लोकांचे आचार न्याहाळणे, स्मशान आणि अरण्य पाहून येणे.

मराठीत ही परंपरा सरळ वाहत आली नाही. ‘कवी जन्मावा लागतो’ ही समजूत आधुनिक काळात घट्ट झाली आणि शिकून लिहिणारा तो कारागीर, असा हिणवण्याचा सूर आला. संगीताच्या बाबतीत असे कोणी म्हणत नाही. गुरूकडे बसून रियाज केलेल्या गवयाची प्रतिभा खोटी ठरत नाही. तरीही मराठीत लेखन शिकवण्याचे प्रयत्न झालेच, फक्त त्यांना वर्ग हे नाव नव्हते. १९२३ साली पुण्यात जमलेल्या रविकिरण मंडळातले कवी चहाच्या बैठकीत एकमेकांना कविता वाचून दाखवत आणि त्यावर मते देत. ती आजच्या अर्थाने कार्यशाळाच होती. त्यांच्यापैकी माधव जूलियन यांच्या ‘छंदोरचना’ने वृत्त शिकण्याचे साधन हाती दिले. ना. सी. फडके यांचे ‘प्रतिभासाधन’ १९३१ साली आले. कथेची सुरुवात, गुंतागुंत, निरगाठ आणि उकल यांचा विचार फडक्यांनी शिकवता येण्याजोगा मांडला. त्यांच्यावर तंत्राच्या आहारी गेल्याचा आरोप झाला आणि तो पुष्कळसा रास्त आहे. मात्र तंत्र शिकवता येते हे मराठीत स्वच्छ शब्दांत सांगण्याचे श्रेय त्यांचेच. सुरेश भटांनी वेगळी वाट काढली. ‘गझलेची बाराखडी’ ही पुस्तिका ते नवोदितांना पाठवत आणि आलेल्या गझलांवर पत्राने दुरुस्त्या सुचवत. पोस्टाच्या तिकिटावर चाललेला हा वर्ग वयाची अट विचारत नसे. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाभोवती भरणाऱ्या लेखक-वाचक मेळाव्यांनी, ज्यांच्या घरात आधी कोणी लिहिलेच नव्हते अशांना लिहिते केले. १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकाला हात देते.

पाश्चात्त्य देशांत हीच गोष्ट विद्यापीठाच्या छत्राखाली गेली. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाची लेखन-कार्यशाळा १९३६ सालची. इंग्लंडमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने १९७० साली पदव्युत्तर अभ्यासक्रम काढला. प्रौढ हौशी लेखकांसाठी १९६८ साली इंग्लंडमध्येच सुरू झालेल्या आर्व्हनची निवासी शिबिरे अधिक उपयोगी ठरली, कारण त्यांना पदवीचे ओझे नव्हते. आयोवातच १९६७ साली आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रम सुरू झाला. दिलीप चित्रे तिथे राहून आले आणि पुढे भोपाळच्या भारत भवनात त्यांनी काव्यविषयक काम केले. या विद्यापीठीय पद्धतीवरचा मुख्य आक्षेप असा की ती एकसारख्या ठशाची कथा तयार करते. आक्षेपात तथ्य आहे, पण तो पदवी घेऊन लेखनाचा धंदा करणाऱ्यांना लागू पडतो. आठवड्यातून एकदा दोन तास येणाऱ्या पन्नाशीच्या विद्यार्थ्याला ठसा उमटण्याइतका वेळच कोणी देत नाही.

उज्जैनमधल्या मराठी माणसापुढे आधी एक वेगळा प्रश्न असतो: लिहायचे कोणत्या भाषेत? राणोजी शिंद्यांच्या काळापासून या शहरात मराठी घरे आहेत. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेईपर्यंत उज्जैन हे शिंद्यांचे मुख्य ठाणे होते. आज घरात मराठी, शाळेत व कचेरीत हिंदी, बाजारात माळवी आणि मुलांशी थोडी इंग्रजी असा व्यवहार चालतो. मुक्तिबोध बंधू हे याचे ठळक उदाहरण. वडील पोलीस खात्यात असलेल्या या मराठी कुटुंबाचा उज्जैनशी दीर्घ संबंध होता. थोरले गजानन माधव हिंदीत लिहू लागले आणि १९४३ च्या ‘तार सप्तक’ या हिंदी काव्यसंकलनातून पुढे आले. धाकटे शरच्चंद्र मराठीत राहिले. ‘नवी मळवाट’ हा त्यांचा कवितासंग्रह, आणि १९५४ च्या कादंबरीला त्यांनी उज्जैनच्या नदीचेच नाव दिले, ‘क्षिप्रा’. ‘तार सप्तक’मधले दुसरे मराठीभाषक प्रभाकर माचवे उज्जैनच्या माधव महाविद्यालयात शिकवत. एकाच घरातून दोन भाषांत दोन मोठे लेखक निघाले यावरून एवढे ठरते की ‘चुकीची’ भाषा अशी काही नसते. प्रौढ नवशिक्याची अडचण मात्र व्यावहारिक आहे. ज्या भाषेत त्याने आयुष्यभर वाचले ती हिंदी, आणि ज्या भाषेत आईने रागावले, समजावले, गोष्टी सांगितल्या ती मराठी. आठवणींचे गद्य मराठीत आणि वर्तमानाविषयीचे हिंदीत अधिक सहज येते असे पुष्कळदा आढळते. शिक्षकाने अशा वेळी भाषा लादू नये. पहिला खर्डा जसा येईल तसा, अगदी मिश्र, येऊ द्यावा.

गजानन माधव मुक्तिबोधांनी वर्गासाठी आणखी एक देणगी ठेवली आहे. ‘एक साहित्यिक की डायरी’ या पुस्तकातल्या लेखात त्यांनी कलेचे तीन क्षण मांडले. पहिला तीव्र अनुभवाचा. दुसरा त्या अनुभवाने आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटून वेगळे होण्याचा. तिसरा त्याचे शब्दांत उतरणे सुरू होण्यापासून पूर्णत्वापर्यंतचा. तरुण विद्यार्थी बहुधा पहिल्या क्षणावरून थेट तिसऱ्यावर उडी मारतो. प्रौढाकडे दुसऱ्या क्षणासाठी लागणारे अंतर आपोआप आलेले असते. वीस वर्षांपूर्वीच्या मृत्यूकडे किंवा फसलेल्या धंद्याकडे तो थोडे दुरून पाहू शकतो. उशिरा सुरुवात करण्याचा हा खरा फायदा आहे आणि वर्गात त्याचा पुरेसा उपयोग केला जात नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी लग्नानंतर अक्षरे गिरवली, नारायण वामन टिळकांच्या मृत्यूनंतर त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुढे नेले, आणि ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून, म्हणजे वयाच्या पासष्टीनंतर, पुस्तकरूपाने येऊ लागली. त्यांच्या गद्याचा मोकळेपणा, स्वतःवर हसण्याची ताकद आणि बोलण्याची लय पंचविशीत येणे अवघडच होते.

उज्जैनमध्ये प्रत्यक्ष सोयी काय, हे पाहिले तर चित्र थोडे विचित्र आहे. साहित्याचे वातावरण मुबलक, नवशिक्यासाठी नियमित शिकवणी कमी. १९५७ साली स्थापन झालेले विक्रम विद्यापीठ, आता सम्राट विक्रमादित्य विद्यापीठ, पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. १९५८ पासून कार्तिक शुद्ध एकादशीला सुरू होणारा कालिदास समारोह आणि कालिदास अकादमी यांच्यामुळे नाटके, व्याख्याने आणि परिसंवाद दारात येतात. राज्य शासनाचे प्रेमचंद सृजनपीठ शहरात आहे. पहिल्या एप्रिलला टेपा संमेलनात हास्य-व्यंग्याचा जल्लोष असतो. माळव्याच्या ‘माच’ लोकनाट्याचे आखाडे ही तर जुनी शाळाच. तिथे दिवसा कामधंदा करणारे लोक रात्री उस्तादाच्या हाताखाली रचना, गाणे आणि अभिनय शिकत. हे सगळे कान तयार करते. पण कविसंमेलनाच्या शहराचा एक दोषही असतो. लिहिणाऱ्याला टाळीची सवय लागते, ओळ मंचासाठी रचली जाते, आणि शांतपणे वाचायच्या गद्याला श्रोता मिळत नाही.

नियमित अभ्यास हवा असेल तर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने हिंदी आणि इंग्रजीत सर्जनशील लेखनाच्या पदविका चालवल्या आहेत. घरबसल्या कथा, कविता, फीचर आणि माध्यमलेखन यांची ओळख करून घेण्यास त्यांतले पाठ चांगले आहेत. मात्र स्वाध्यायावर येणारा शेरा आणि समोरासमोरची चर्चा यांत फार फरक पडतो. मराठीसाठी भोपाळची मराठी साहित्य अकादमी कार्यक्रम घेते. इंदूरला मराठी वस्ती मोठी असल्याने मेळावे अधिक होतात. करोनाच्या साथीनंतर मुंबई-पुण्याच्या मराठी लेखकांचे ऑनलाइन वर्ग माळव्यातल्या मराठी माणसाच्या आवाक्यात आले, हा मोठाच बदल. ज्याला अर्ध्या तासाच्या अंतरावर मराठी वाचक मिळत नव्हता त्याला पडद्यावर दहा मिळू लागले.

वर्गाचा दर्जा मुख्यतः चर्चेच्या रीतीवर ठरतो. इथे पुन्हा राजशेखराची मदत होते. रसिकांचे त्याने चार प्रकार सांगितले: काहीच न आवडणारा अरोचकी, गवतासकट सगळे गिळणारा सतृणाभ्यवहारी, मत्सरी, आणि नेमके मर्म धरणारा तत्त्वाभिनिवेशी. प्रौढांच्या वर्गात दुसऱ्या प्रकाराची भरती असते. सगळे एकमेकांच्या वयाचा मान राखतात, ‘फार सुंदर’ म्हणतात, आणि तीन महिन्यांनी कोणाचेही वाक्य बदललेले नसते. अरोचक्यापेक्षा हा प्रकार अधिक घातक, कारण तो सुखद असतो. चांगला शिक्षक स्तुती आणि टीका दोन्ही शब्दांवर, ओळीवर, परिच्छेदावर बोट ठेवून करायला लावतो. अर्धवट लिहिलेले कोणाला दाखवू नये, आणि नवे लेखन एकट्यादुकट्यापुढे वाचू नये कारण त्याने ते स्वतःचे म्हटले तर साक्षीदार नसतो, असेही राजशेखराने सांगून ठेवले आहे. दुसरा सल्ला व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत कविता टाकणाऱ्यांनी मनावर घ्यावा. पहिला आजच्या कार्यशाळेला पटणार नाही, आणि तिथे राजशेखराची बाजू बरोबर दिसते. कथेचा अर्धा भाग ऐकून दहा जणांनी सुचवलेले दहा शेवट नवशिक्याला हमखास गोंधळात टाकतात.

प्रौढांच्या लेखनात आणखी एक नाजूक गोष्ट येते, ती घरच्या माणसांची. साहित्य बहुधा आयुष्यातूनच घेतलेले असते आणि त्यातली माणसे हयात असतात. सासू, भाऊ, वरिष्ठ अधिकारी यांच्याविषयी लिहावे किती, हा प्रश्न वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला पडत नाही. वर्गातले बोलणे बाहेर जाऊ नये हा नियम पहिल्या दिवशीच सांगितला गेला पाहिजे, आणि कथेच्या रूपात गोष्ट बदलून कशी मांडायची हे त्यानंतर लवकरच शिकवले पाहिजे. तसे न झाल्यास विद्यार्थी सुरक्षित विषयांकडे वळतात: पाऊस, आई, सांजवेळ.

वर्गाने काय होत नाही हेही स्पष्ट आहे. त्याने दृष्टी येत नाही, वाचनाची उणीव भरून निघत नाही, आणि प्रकाशक मिळत नाही. होते ते एवढे: ठरलेल्या दिवशी काहीतरी लिहून न्यावे लागते, अनोळखी कानांवर ते पडते, आणि दुसरा खर्डा करण्याची लाज जाते. एवढ्यासाठी शुल्क भरणे योग्य आहे. वर्गाच्या शेवटी विद्यार्थ्यांकडूनच पैसे घेऊन काढल्या जाणाऱ्या प्रातिनिधिक संग्रहांसाठी, मानचिन्हांसाठी आणि ‘पंधरा दिवसांत लेखक’ अशा जाहिरातींसाठी मात्र एक रुपयाही देऊ नये. नाव नोंदवण्यापूर्वी एकच चौकशी पुरेशी आहे: दिलेला कागद शिक्षक स्वतः वाचून, खुणा करून परत देतात का? देत असतील तर वर्ग मराठीचा असो वा हिंदीचा, उज्जैनच्या सभागृहात असो वा पडद्यावर, वयाचा विचार न करता जावे.